पिस्टनची मोकळीक



रोह्याला कुंडलिकेकाठच्या बांधावर गवत कापायचे यंत्र, पाठीवरचा फवारणी पंप, नाहीतर पडवीतली जुनी चेतक स्कूटर. पुष्कळदा यांचे इंजिन टू-स्ट्रोक असते. ते उघडून पुन्हा बांधले, की आठ दिवसांत पिस्टन धरतो, आणि ऐन हंगामात यंत्र आडवे पडते. असे का होते?

बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना लोहार ती आधी तापवतो, हे तुम्ही पाहिले असेल. तापली की धाव वाढते, पाणी ओतले की आवळते. इंजिनातही हाच न्याय. मात्र इथे पिस्टन ॲल्युमिनियमचा अन् सिलिंडर बिडाचा. दोघे सारखे वाढत नाहीत. चेतकचा सिलिंडर आतून 57 मिलिमीटर. दर 100 अंश उष्णतेला तेवढ्या मापाचा पिस्टन सुमारे 11 शतांश मिलिमीटर फुगतो, बीड मात्र 6 शतांशच. शिवाय पिस्टन सिलिंडरपेक्षा जास्त तापतो. शिक्षकांनी वर्गातला गोळा-कड्याचा प्रयोग दाखवताना हे उदाहरण जरूर सांगावे.

तेव्हा थंड इंजिनात "घट्ट बसलाय, झकास!" म्हणून खूष होऊ नका. बिडाच्या लहान सिलिंडरात साधारण 4 ते 8 शतांश मोकळीक लागते, म्हणजे जेमतेम केसाएवढी. नेमका आकडा त्या यंत्राच्या पुस्तिकेतून घ्यावा. हाताला हे कळत नाही; मायक्रोमीटरच हवा. पिस्टन मुद्दामच माथ्याशी बारीक आणि किंचित लांबट गोल केलेला असतो. म्हणून माप खालच्या घेरावर, गजन पिनेला आडवे घ्यावे. सिलिंडर वर, मध्ये, खाली आणि दोन्ही बाजूंनी मोजावा, कारण तो सगळीकडे सारखा झिजत नाही.

मोकळीक जास्त झाली तरी नुकसानच. पिस्टन डुलतो, थंडीत खडखडतो, रिंगा लवकर झिजतात आणि जोर उतरतो.

बोअर करायचे तर मोठा पिस्टन आधी आणा, मग त्याच्याच मापाने लेथवाल्याकडून काम करून घ्या. पुष्कळजण उलटे करतात! गवत कापायच्या यंत्राचा सिलिंडर मात्र बहुधा ॲल्युमिनियमचा, आतून कठीण मुलामा दिलेला असतो. तो बोअर करत नाहीत. मुलामा गेला की जोडीच बदलावी लागते.

रिंग एकटीच सिलिंडरात सरळ बसवून तिच्या टोकांतली फट फिलर गेजने पाहा. लहान इंजिनात ती पाव मिलिमीटरच्या आसपास असते. टोके एकमेकांना टेकली तर तापल्यावर रिंग अडकते. पिस्टनवरचा बाण धूर जाण्याच्या तोंडाकडे ठेवा.

या इंजिनाच्या पोटात तेल साठवलेले नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलावरच पिस्टन जगतो. म्हणून मिश्रण पुस्तिकेप्रमाणेच करावे. नुसत्या पेट्रोलवर नवा पिस्टनही धरतो. पहिल्या एक-दोन टाक्या पूर्ण जोर देऊ नये. थोडे चालवावे, गार होऊ द्यावे, मग पुन्हा चालवावे.