‘क्षुद्र’, ‘हलका’ आणि ‘कोता’ : एक अर्थविचार

मनाच्या लहानपणाचा निर्देश करण्यासाठी मराठीत जे शब्द रूढ आहेत, त्यांपैकी तीन प्रमुख शब्दांची कुळे भिन्न आहेत. ‘क्षुद्र’ हा तत्सम शब्द असून कुटणे, चूर्ण करणे या अर्थाच्या ‘क्षुद्’ धातूशी त्याचा संबंध आहे. ‘हलका’ हा संस्कृत ‘लघुक’चा वंशज होय, प्राकृतात ल आणि ह यांचा व्यत्यास होऊन ‘हलुअ’ हे रूप सिद्ध झाले व त्याची नोंद हेमचंद्राने बाराव्या शतकातील आपल्या व्याकरणात केली आहे. ‘कोता’ हा आखूड या अर्थाच्या फारसी ‘कोताह’वरून आला. आकार, वजन आणि लांबी यांची ही मापे पुढे स्वभावाला लावली गेली.

तथापि लहानपण हे स्वतः दोषास्पद नव्हे. ‘क्षुद्रक’चेच प्राकृत वळणाचे रूप असलेला ‘क्षुल्लक’ हा शब्द दिगंबर जैन परंपरेत मुनिपदाखालील एका आदरणीय पायरीचे नाव आहे. पाली विनयपिटकातील ‘चुल्लवग्ग’ म्हणजे केवळ लहान वर्ग. सुश्रुतसंहितेतील ‘क्षुद्ररोग’ या संज्ञेतही निंदा नाही. मग निंदेचा अर्थ येतो कोठून?

शब्दांच्या साहचर्यावरून याचे उत्तर मिळते. मराठीत बाब ‘क्षुल्लक’ असते, हेतू ‘क्षुद्र’ असतो आणि मन वा दृष्टी ‘कोती’ असते. दोष बाबीला लागत नाही. बाबीचे माप आणि तिला दिलेला प्रतिसाद यांत विसंगती निर्माण झाली, की तो मनाला लागतो. ही विसंगती दोन प्रकारची असते. राईचा पर्वत करणे हा एक प्रकार. आणि जेथे काहीच खर्ची पडत नाही तेथेही हात आखडता घेणे हा दुसरा. सहकाऱ्याच्या उत्तम निबंधाला ‘बरा आहे’ एवढ्यावर वाटेला लावणारा वाचक या दुसऱ्या प्रकारात मोडतो.

यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. ज्याला दोन वेळच्या अन्नाची भ्रांत आहे, तो एकेक रुपया मोजून घेतो म्हणून कोता ठरत नाही. त्याच्या दृष्टीने तो रुपया लहान नसतोच. परंतु भाषा हा विवेक नेहमी पाळत नाही. ‘कृपण’ या शब्दाचा जुना अर्थ कीव करण्याजोगा, दीन असा होता. पुढे तो कंजूष या अर्थी स्थिरावला. ‘हलके काम’, ‘हलकी जात’ या प्रयोगांत तर समाजाने लादलेले स्थान हेच माणसाचे माप ठरविले गेले.

महाड येथील घटना या दृष्टीने उद्बोधक आहे. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे अनुयायी चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर सनातन्यांनी त्या तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले. वस्तू म्हणून पाहता वाद ओंजळभर पाण्याचा होता. तरीही पाणी पिणाऱ्यांचा आग्रह क्षुद्र म्हणता येत नाही, कारण त्या ओंजळीत मनुष्यत्वाचा हक्क सामावला होता. कोतेपणा होता तो त्या स्पर्शाने तळे विटाळले असे मानणाऱ्यांच्या दृष्टीत.

नित्य व्यवहारात हा भेद ओळखणे कठीण जाते, कारण ‘कोता’ हे विशेषण प्रायः दुसऱ्यासाठीच योजले जाते. स्वतःविषयी बोलताना माणूस ‘मी काटेकोर आहे’ असे म्हणतो, किंवा ‘प्रश्न दोन रुपयांचा नाही, तत्त्वाचा आहे’ असे सांगतो. हे विधान कधी खरे असते, कधी नसते. ते पारखण्याचा एक उपाय असा : ज्या तत्त्वाचा पुकारा केला जातो, ते बोलणाऱ्याच्या तोट्याचे ठरले तरी तो मानील काय, आणि त्याचा लाभ इतरांनाही देईल काय? दोन्ही उत्तरे नकारार्थी आली, तर तेथे प्रश्न दोन रुपयांचाच असतो.