अभिमानाची पदयात्रा आणि धर्मनिष्ठांची सोबत

महाराष्ट्रीयांस चालण्याचे माहात्म्य निराळे सांगावयास नको. आषाढीच्या सुमारास आळंदी-देहूहून निघणारी वारी ही भक्तीची वाट होय, तर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या समवेत महाडच्या चवदार तळ्याकडे निघालेली माणसे हक्काची वाट चालत होती. हेतू भिन्न असले तरी दोहोंत एक गोष्ट समान आहे. एकट्या माणसास जे उघडपणे म्हणण्याचे धैर्य होत नाही, ते तो दहाजणांच्या संगतीने म्हणू शकतो. समलिंगी, उभयलिंगी आणि तृतीयपंथी व्यक्तींच्या ज्या पदयात्रा अलीकडे आपल्या शहरांतून निघतात, त्यांचा अर्थ या परंपरेच्या प्रकाशात पाहिला म्हणजे पुष्कळसा उलगडतो.

या यात्रांना ‘प्राइड’ असे नाव आहे. मराठीत त्यास अभिमान म्हणावयाचे. परंतु हा अभिमान म्हणजे गर्व नव्हे. ज्या गोष्टीची जन्मभर लाज बाळगावयास शिकविले गेले, त्या गोष्टीची लाज टाकून देणे एवढाच त्याचा अर्थ. २८ जून १९६९ रोजी न्यूयॉर्कमधील स्टोनवॉल नावाच्या मद्यगृहावर पोलिसांनी धाड घातली आणि तेथे जमलेल्यांनी प्रतिकार केला. त्या घटनेच्या पहिल्या वर्षदिनी, म्हणजे २८ जून १९७० रोजी, जी मिरवणूक निघाली, तीपासून ही प्रथा जगभर पसरली. आपल्या देशात २ जुलै १९९९ रोजी कोलकात्यात अवघी पंधरा माणसे चालली. पुढे २९ जून २००८ रोजी दिल्ली व बंगळूर येथे यात्रा निघाल्या, आणि त्याच वर्षी १६ ऑगस्टला मुंबईकरांनी ऑगस्ट क्रांती मैदानापासून गिरगाव चौपाटीपर्यंतचा मार्ग आक्रमिला. दिवस स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशीचा आणि आरंभ ‘चले जाव’च्या मैदानातून, या निवडीतील मर्म वेगळे सांगावयास नको. पुण्यात २०११ साली आणि नागपुरात २०१६ साली अशी पदयात्रा निघाली.

हे धैर्य किती मोलाचे होते हे समजण्यासाठी त्या वेळचा कायदा ध्यानात घेतला पाहिजे. १८६० च्या दंडसंहितेतील ३७७ वे कलम समलिंगी संबंधांस गुन्हा ठरवीत असे. म्हणून २००८ साली चालणाऱ्यांपैकी कित्येकांनी मुखवटे घातले होते. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने हे कलम सज्ञान व्यक्तींच्या संमतीने होणाऱ्या खाजगी संबंधांस लागू नाही असा निर्णय दिला. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. आणि अखेरीस ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने अशा संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसून टाकला. दरम्यान १५ एप्रिल २०१४ च्या निर्णयाने तृतीयपंथीयांस स्वतःची लिंगओळख स्वतः ठरविण्याचा हक्क मिळाला होता. विवाहाचा प्रश्न मात्र निराळा राहिला. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहास मान्यता देण्याचे काम आपले नसून ते विधिमंडळाचे आहे, असे म्हटले.

या सर्व वादात धर्माचे स्थान काय होते? २००९ च्या निर्णयाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात प्रथम गेलेले गृहस्थ ज्योतिषी होते. त्यांच्या मागोमाग मुस्लिम व्यक्तिगत कायदा मंडळ आणि काही ख्रिस्ती संघटनाही उभ्या राहिल्या. एरवी ज्यांचे परस्परांशी क्वचितच जमते, असे भिन्न धर्मांचे लोक या एका प्रश्नावर एकत्र आले, हे दृश्य लक्षणीय होते. यावरून धर्म आणि ही माणसे यांच्यात कायमचे वैर आहे, असा निष्कर्ष पुष्कळांनी काढला. परंतु तो पूर्ण सत्य नाही.

एक तर आपल्या परंपरेत अशा व्यक्तींना जागा मुळीच नव्हती असे नाही. विराटाच्या घरी बृहन्नडेच्या रूपाने राहिलेला अर्जुन, शिखंडी, अर्धनारीनटेश्वर ही नावे मराठी श्रोत्यांस परकी नाहीत. यल्लमाच्या भक्तीतील जोगते आणि गुजरातेतील बहुचरामातेचे उपासक आजही आढळतात. तथापि या स्थानाची मर्यादाही ओळखली पाहिजे. मूल जन्मले किंवा लग्न झाले म्हणजे ज्याचा आशीर्वाद हवासा वाटतो, त्यालाच भाड्याने खोली देण्याची वेळ आली की घरमालक तोंड फिरवितो. दारापुरता मान आणि घरात मज्जाव, अशी ही व्यवस्था होय. शिवाय ज्याचा वेष व वागणे चारचौघांसारखेच आहे, अशा समलिंगी तरुणास या परंपरेत एवढीही जागा मिळत नाही.

दुसरे असे की, धर्मसंस्थांच्या आतूनच काही निराळे आवाज उठू लागले. ठाण्यात वाढलेल्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांच्या पुढाकाराने २०१५ साली किन्नर आखाडा स्थापन झाला आणि २०१६ च्या उज्जैन सिंहस्थात त्याची मिरवणूक निघाली. आखाडे तेराच, चौदावा नाही, असा आक्षेप घेतला गेला. पण २०१९ च्या प्रयागराज कुंभात जुन्या आखाड्याने त्यांस आपल्या समवेत घेतले. ख्रिस्ती जगात पाहावे तर २०१३ च्या निर्णयानंतर मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ऑस्वल्ड ग्रेशियस यांनी, समलिंगी विवाह चर्चला मान्य नसला तरी या व्यक्तींना चर्चने कधी गुन्हेगार मानलेले नाही, असे स्पष्ट केले. ज्या राष्ट्रीय ख्रिस्ती मंडळी परिषदेचे मुख्यालय नागपुरात आहे, तिनेही या विषयावर चर्चासत्रे घडवून चर्चमधील लोकांस विचार करावयास लावले. परिषदेतील सर्व मंडळी एकमताच्या आहेत असे नाही. श्री श्री रविशंकर यांनीही त्याच सुमारास हिंदू संस्कृतीने समलिंगी असणे हा गुन्हा मानलेला नाही, असे मत मांडले.

अशा सोबतीचे महत्त्व काय, हे जाणण्यासाठी पंढरपूरकडे पाहावे. १९४७ च्या मे महिन्यात विठ्ठलमंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी उपोषण केले. मंदिरप्रवेशाचा लढा त्यापूर्वी नाशिकच्या काळाराम मंदिरापाशी ज्यांचा तो हक्क होता त्यांनी स्वतः लढविला होता. गुरुजींनी तो हक्क निर्माण केला नाही. त्यांनी केले ते एवढेच, की विठ्ठलावर निस्सीम श्रद्धा असलेला माणूसही या अन्यायाविरुद्ध उभा राहू शकतो, हे श्रद्धावंतांस दाखवून दिले. बाहेरच्याने केलेली टीका भाविक सहज झटकून टाकतो. आपल्यातल्याच माणसाचा शब्द त्याला तसा झटकता येत नाही.

पाश्चात्त्य देशांतही हेच घडले. ट्रॉय पेरी या धर्मोपदेशकाने १९६८ साली लॉस एंजेलिसमध्ये समलिंगी व्यक्तींसाठी चर्च काढले आणि १९७० साली तेथील पहिल्या मिरवणुकीच्या उभारणीत त्याचा हात होता. २०१० साली शिकागोच्या यात्रेत काही ख्रिस्ती मंडळी रस्त्याच्या कडेला उभी राहिली. त्यांच्या हातांतील फलकांवर चर्चकडून झालेल्या वागणुकीबद्दल क्षमायाचना लिहिलेली होती. त्यांनी प्रवचन केले नाही, धर्मग्रंथांतील वचनांवर वाद घातला नाही. आणि म्हणूनच चालणाऱ्यांपैकी अनेकांनी त्यांस आलिंगन दिले.

येथे भाविक माणसाच्या मनात एक शंका येते. अशा यात्रेत पाऊल टाकले म्हणजे तेथील प्रत्येक वेष, प्रत्येक घोषणा आणि प्रत्येक मागणी आपणांस मान्य आहे, असा अर्थ होणार नाही काय? वारीत चालणारा प्रत्येक वारकरी शेजारच्या दिंडीच्या सर्व मतांशी सहमत असतो असे कोणी मानीत नाही. विवाहाविषयी मन अद्याप बनले नसले तरी, कोणास घराबाहेर काढू नये, मारू नये, नोकरीवरून दूर करू नये, एवढ्यासाठी चालता येते. मात्र पाहुण्याची मर्यादा पाळली पाहिजे. यात्रा ज्यांची, त्यांनी पुढे असावे. विचारल्यावाचून कोणाचे छायाचित्र काढू नये, कारण त्या एका छायाचित्राने एखाद्याचे घर तुटू शकते. उपदेश करू नये; ऐकून घ्यावे.

या सोबतीची खरी गरज मोठ्या शहरांपेक्षा मध्यम गावांत अधिक आहे. भिलाईचे उदाहरण घ्या. रशियाच्या साहाय्याने उभारलेल्या तेथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली आणि देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे येऊन राहिली. वैशालीनगरसारख्या वस्तीत मराठी, बंगाली, तेलुगू, पंजाबी आणि छत्तीसगढी कुटुंबे शेजार करतात. मंदिर, मशीद, गुरुद्वारा, चर्च सर्वच जवळपास. ज्या राज्यात हे गाव आहे, त्या छत्तीसगढच्या रायगढ शहराने २०१५ साली मधू किन्नर या तृतीयपंथी उमेदवारास महापौर निवडले आणि २०२१ साली तेथील पोलीस दलात तेरा तृतीयपंथीयांची शिपाई म्हणून निवड झाली. म्हणजे मतपेटी आणि भरतीचे मैदान ही दारे उघडली. उंबरठ्याच्या आतले दार उघडणे मात्र राज्याच्या हाती नाही. अशा वस्तीतला मुलगा रायपूर किंवा नागपूरला जाऊन यात्रेत चालून येईल. पण दुसऱ्या दिवशी त्याला त्याच गल्लीत, त्याच आरतीला, त्याच ओळखीच्या माणसांत परत यावयाचे असते.

त्याच्या आईवडिलांसही कोणाशी तरी बोलावयाचे असते. असे पालक मुंबईत ‘स्वीकार’ या गटात एकत्र आले, आणि २०२३ साली त्यांपैकी चारशेहून अधिक जणांनी आपल्या मुलांच्या विवाहहक्कासाठी सरन्यायाधीशांस पत्र लिहिले. ज्या गावी असा गट नाही, तेथे पालक प्रथम पुजारी, मौलवी, ग्रंथी किंवा पाद्री यांच्याकडेच जातात. त्या वेळी ‘हे पाप आहे, मुलाला कोठेतरी पाठवून द्या’ असे उत्तर मिळाले तर एक घर मोडते. ‘हे तुमचेच लेकरू आहे, त्याला जवळ ठेवा’ असे उत्तर मिळाले तर ते वाचते. यात्रेत चार पावले चालून आलेल्या, त्या माणसांची तोंडे एकदा जवळून पाहिलेल्या धर्मनिष्ठास हे दुसरे उत्तर देणे अधिक सोपे जाईल.