ले-आउटमधला प्लॉट: बयाणा देण्याआधी मंजूर नकाशा वाचा

मानोऱ्यात ले-आउटमधला प्लॉट घेणारा माणूस बहुतेक वेळा आयुष्यात एकदाच प्लॉट घेतो. मुलांच्या शिक्षणासाठी गावातून इकडे येणारा शेतकरी असो की निवृत्तीची रक्कम हाती आलेला शिक्षक, तो रस्ता पाहतो, दिशा पाहतो, भाव विचारतो. मंजूर नकाशा मात्र मागत नाही. दलालाने दाखवलेल्या झेरॉक्सवर व्यवहार होतो आणि नियम कळतात ते घराचा पाया खोदल्यावर.

शेताचा प्लॉट कसा होतो

शेतात चुना टाकून आखणी केली म्हणजे ले-आउट होत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 प्रमाणे जमीन अकृषक व्हावी लागते. आपल्या विदर्भातल्या जुन्या आदेशांवर 'एनएपी-34' असा प्रकरण क्रमांक दिसतो, तो याचाच. विकास आराखड्यातल्या जमिनींसाठी अलीकडच्या दुरुस्त्यांनी ही पायरी सोपी केली. रहिवासी भागातल्या जमिनीला वेगळी अकृषक परवानगी घ्यावी लागत नाही. अभिन्यासाची, म्हणजे ले-आउटच्या नकाशाची मंजुरी मात्र कुठेही टळलेली नाही. गावाच्या हद्दीत नगरपंचायत आणि हद्दीबाहेर महसूल व नगररचना विभाग हे काम पाहतात.

सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग 2' लिहिले असेल तर तिथेच थांबा. अशी जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही.

गुंठ्याने घेतलेली जागा

गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट. मंजूर ले-आउट नसताना शेतातले एक-दोन गुंठे विकणे 1947 च्या तुकडेबंदी कायद्यात अडकू शकते. काही ठिकाणी अशी जागा नोटरीच्या कागदावर घेतली जाते. नोटरीच्या कागदाने मालकी येत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा 2001 चा आहे. 2021 च्या दुरुस्तीने त्याची मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या गुंठेवारीपर्यंत वाढली. पण ही सवलत आपोआप मिळत नाही. अर्ज करावा लागतो, शुल्क भरावे लागते आणि जागा आरक्षणात किंवा सरकारी जमिनीवर असेल तर अडचण येते.

जे विकता येत नाही, तेच जपायचे

माझ्या मते ले-आउटमधल्या प्लॉटची खरी किंमत त्याच्याभोवती न विकलेल्या जागेत असते. एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर 2020 पासून मुंबई आणि काही मोजके भाग सोडून जवळपास सगळ्या राज्याला लागू आहे. तिच्याप्रमाणे 4,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या ले-आउटमध्ये 10 टक्के जागा खुली ठेवावी लागते. आतल्या रस्त्याची रुंदी त्याच्या लांबीप्रमाणे ठरते.

दहा-पंधरा वर्षांनी हीच खुली जागा डोळ्यांत भरते. कुणी तिथे प्लॉट पाडतो, कुणी गोदाम टाकतो, कुणी कुंपण घालतो. शेजारी बोलत नाहीत, कारण ती जागा कुणा एकाची नसते. बंगळुरूच्या राजमहल विलास विस्तारात उद्यानाची जागा खासगी रुग्णालयासाठी दिली गेली, तेव्हा तिथले रहिवासी कोर्टात गेले. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्द ठरवले. रुग्णालयासारख्या चांगल्या कामासाठीही उद्यान देता आले नाही, तर खासगी गोदामाचा प्रश्नच उरत नाही. आपल्या वसाहतीच्या खुल्या जागेची मोजणी करून घ्या आणि तिथे फलक लावा.

घर बांधताना

परवानगीच्या नकाशात समोर, बाजूला आणि मागे सोडायची जागा दिलेली असते. किती सोडायची ते प्लॉटचा आकार, रस्त्याची रुंदी आणि इमारतीची उंची यांवर ठरते. आग लागली, सेप्टिक टँक उपसायचा झाला किंवा शेजाऱ्याच्या खिडकीत उजेड हवा असला, की या जागेचे महत्त्व कळते. पायऱ्या, ओटा, टिनाचे शेड हळूहळू त्यात सरकतात आणि भांडण सुरू होते.

2020 च्या नियमावलीने 150 चौरस मीटरपर्यंतच्या छोट्या प्लॉटवरचे घर बांधणे सोपे केले. परवानाधारक तांत्रिक व्यक्तीने तयार केलेला नकाशा आणि शुल्क जमा केले की काम सुरू करता येते. त्याचा अर्थ अनेकांनी 'आता परवानगीच लागत नाही' असा घेतला. प्रक्रिया सोपी झाली, अंतरे आणि उंचीचे नियम तसेच राहिले.

एरवी बांधकाम परवानगी एक वर्ष चालते. दरवर्षी वाढवून घेतली तर एकूण चार वर्षे. विनापरवाना बांधकामावर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 53 खाली नोटीस येते. बाजूने 11 केव्हीची वीजवाहिनी जात असेल तर घराची कुठलीही बाजू तिच्यापासून आडव्या अंतरात किमान 1.2 मीटर दूर हवी. प्लॉट दिग्रस किंवा कारंज्याच्या रस्त्याला लागून असेल तर इमारत रेषा सार्वजनिक बांधकाम विभागात विचारून घ्या.

महारेरा आणि विक्रीची अट

500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवर प्लॉट पाडून विकायचे असतील तर प्रकल्पाची महारेरात, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणात नोंदणी लागते. नोंदणीकृत करार होण्याआधी विक्रेत्याला 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. मंजूर ले-आउट बदलायचा तर दोन तृतीयांश प्लॉटधारकांची लेखी संमती हवी. या दोन तरतुदी माहीत असल्या तरी अर्धी फसवणूक टळते.

खरेदीखतातली बारीक अक्षरेही वाचा. 'फक्त राहण्यासाठी', 'दुकान चालणार नाही' अशा अटी त्यात असतात. पुढे खाली दुकान आणि वर घर असा विचार असेल तर तो प्लॉट तुमच्यासाठी नाही.

कागद मिळत नसेल तर

विक्रेता टाळाटाळ करत असेल तर मंजूर नकाशाची प्रमाणित प्रत माहितीच्या अधिकारात मागा. अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि कार्यालयाला उत्तरासाठी 30 दिवस असतात. हे तीस दिवस गेले तरी चालतील, पण उत्तर येईपर्यंत बयाणा देऊ नका.