तितिकाका सरोवर : जेथे पर्यटन आणि श्रद्धा एकत्र नांदतात

दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीत, समुद्रसपाटीपासून ३,८१२ मीटर उंचीवर तितिकाका हे विशाल सरोवर आहे. त्याचे सुमारे ८,३०० चौरस किलोमीटरचे जलक्षेत्र पेरू आणि बोलिव्हिया या दोन देशांत विभागलेले आहे. निळेशार पाणी आणि हिमशिखरे पर्यटकांना मोहित करतात. परंतु या परिसराचे खरे वैभव आहे ते येथील आयमारा व केचुआ या मूळनिवासी समाजांची कला आणि श्रद्धा.

पेरूच्या काठावरील पुनो हे येथील मुख्य शहर. तेथील कॅथेड्रलच्या दर्शनी भागावर स्थानिक कारागिरांच्या छिन्नीची छाप स्पष्ट दिसते. दरवर्षी २ फेब्रुवारीच्या सुमारास येथे कांदेलारिया मातेचा सण भरतो. मिस्सा, मिरवणूक आणि शेकडो नृत्यपथके यांनी शहर दुमदुमून जाते. २०१४ साली युनेस्कोने या उत्सवाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

शहराजवळच्या पाण्यात उरोस लोकांची तरंगती बेटे आहेत. तोतोरा नावाच्या लव्हाळ्याचे थर रचून ती तयार करतात. खालचा थर कुजला की वर नवा अंथरतात. ताकिले बेटावर पुरुष विणकाम करतात. टोपीच्या रंगावरून विवाहित कोण व अविवाहित कोण, हे ओळखता येते. सिलुस्तानी येथे इंकापूर्व कोया लोकांचे दगडी समाधी-मनोरे आहेत.

बोलिव्हियाच्या काठावरील कोपाकाबाना हे मरियामातेचे महान तीर्थस्थान होय. तेथील मूर्ती इंकावंशीय फ्रान्सिस्को तितो युपांकी यांनी घडवली. त्यांची पहिली मूर्ती ओबडधोबड ठरवून वेदीवरून हटवण्यात आली. त्यांनी खचून न जाता पोतोसी येथे शिल्पकला शिकून घेतली आणि १५८३ साली त्यांची नवी मूर्ती येथे विराजमान झाली. रिओ द जानेरोच्या प्रसिद्ध किनाऱ्याला मिळालेले नाव या तीर्थावरूनच आले आहे.

पुनोच्या आग्नेयेस असलेल्या हुली गावी येशूसंघीय धर्मगुरूंनी लोकभाषेत धर्मशिक्षण दिले. फादर लुदोविको बेर्तोनियो यांचा आयमारा शब्दकोश तेथे १६१२ साली छापला गेला. अवघ्या चार वर्षांनी, १६१६ साली, त्याच संघाच्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' गोव्यात प्रसिद्ध झाले. परस्परांपासून इतक्या दूर असलेल्या या दोन भूमींत शुभवार्ता लोकांच्या बोलीतून पोहोचावी, हीच तळमळ होती.

आज मात्र हे सरोवर संकटात आहे. पुनोच्या सांडपाण्याने उपसागर दूषित झाला असून २०२३ सालच्या अवर्षणात पाण्याची पातळी चिंताजनकरीत्या खालावली. लव्हाळे सुकले, तर बेटे कशाची रचायची? मासे घटले, तर कोळ्याने काय खायचे?

येथे जाणाऱ्यांनी विरळ हवेची सवय होण्यासाठी पहिला एक-दोन दिवस विश्रांती घ्यावी. बेटावरील वस्तू थेट विणकराकडून घ्यावी, पाण्यात कचरा टाकू नये आणि छायाचित्र घेण्यापूर्वी परवानगी विचारावी. ही माणसे प्रदर्शनातील वस्तू नव्हेत. आपण त्यांच्या घरी आलेले पाहुणे आहोत.