खालूंचा फोटो, अब्बांची किताबत आणि एक स्कॅनर

२०२१ च्या जुलैमध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा माझ्या खालाच्या घरात ते पंख्यापर्यंत चढलं होतं. माणसं वरच्या मजल्यावर गेली म्हणून वाचली. भांडी घासूनपुसून निघाली, कपाटं पुढे नवी आली. पण निकाहाचे अल्बम चिखलाचे गोळे झाले. मरहूम खालूंचा एकही फोटो त्या घरात उरला नाही. एक प्रत आमच्या घरी फ्रेममध्ये होती, तीही दमटपणामुळे काचेला घट्ट चिकटलेली.

असा चिकटलेला फोटो ओढून काढू नये, हे आधी सांगून ठेवते. फोटोच्या कागदावरचा चित्राचा थर जिलेटिनचा असतो. ओल धरली की तो काचेला चिकटतो, आणि कागद ओढला तर चेहरा काचेवरच राहतो. म्हणून आम्ही फ्रेम उघडली, काच आणि फोटो तसेच एकत्र ठेवले आणि मुलाच्या प्रिंटरला जोडलेल्या स्कॅनरवर ठेवून पाहिले. खालू धुक्यात उभे असल्यासारखे आले. दोनदा काच पुसली, धूकं तसंच. मग भावाच्या माळ्यावर पडलेला जुना, जाडजूड स्कॅनर खाली काढला. त्यावर तोच फोटो असा आला की शेरवानीची बटणं मोजावीत.

फरक नव्या-जुन्याचा नव्हता, आतल्या रचनेचा होता. स्कॅनर दोन जातींचे असतात. पातळ, हलक्या स्कॅनरमध्ये आणि घरगुती प्रिंटरवरच्या बहुतेक स्कॅनरमध्ये सीआयएस नावाची पट्टी काचेच्या अगदी खालून सरकते. काचेला टेकलेला कागद तिला स्वच्छ दिसतो. दोन-तीन मिलिमीटर वर असलेली वस्तू धूसर होते. जाड स्कॅनरमध्ये आरसे, भिंग आणि सीसीडी असतो. त्याची नजर थोडी खोलवर जाते, त्यामुळे काचेआडचा फोटो, वाकडा झालेला कोपरा, जाड अल्बमचं पान त्याला जमतं.

दुकानात मात्र हे कुणी सांगत नाही. तिथे खोक्यावरचा डीपीआयचा आकडा दाखवतात, म्हणजे एका इंचात किती ठिपके ते. त्यातही दहा-वीस हजारांचा आकडा दिसला तर तो बहुधा सॉफ्टवेअरने मध्ये ठिपके भरून फुगवलेला असतो. पाहायचा तो ‘ऑप्टिकल’ आकडा. आणि तोही घरात फारसा लागत नाही. चार बाय सहा इंचांचा फोटो ६०० डीपीआयवर घेतला की २४०० बाय ३६०० ठिपके मिळतात. त्यातून आठ बाय बाराची प्रत सहज निघते. कागदावरच्या फोटोत याच्या पुढे क्वचितच काही सापडतं. पासपोर्टएवढा फोटो भिंतीवर लावण्याएवढा करायचा असेल तर १२०० ठेवा. फोटो कृष्णधवल असला तरी रंगीतच स्कॅन करा. पिवळे डाग नंतर वेगळे काढता येतात.

म्हणून खरेदीआधी घरातली सर्वांत अवघड वस्तू कोणती ते पाहावं. सुटे, सपाट फोटो आणि कागदपत्रं एवढंच असेल तर कॅननचा लाइड ३०० पुरेसा आहे. तो सीआयएस जातीचा, २४०० डीपीआयचा, आणि वेगळी वीजजोडणीही लागत नाही. संगणकाच्या यूएसबी केबलवर चालतो. फ्रेमला चिकटलेले फोटो असतील किंवा निगेटिव्हच्या पट्ट्या सापडल्या असतील तर एपसन परफेक्शन व्ही ६०० सारखा सीसीडीवाला बघावा. त्याच्या झाकणात निगेटिव्हसाठी दिवा असतो. ३५ मिलिमीटरची निगेटिव्ह २४०० डीपीआयवर घेतली तर पंच्याहत्तर लाखांहून जास्त ठिपके मिळतात. धूळ आणि ओरखडे पुसण्याची त्यातली सोय रंगीत निगेटिव्हवर छान चालते, जुन्या कृष्णधवलवर चालत नाही. किंमत कित्येक पटींनी जास्त आहे, हे खरं. पण हे काम एकदाच करायचं असतं. जमातीची देगं जशी गरजेप्रमाणे घरोघर फिरतात, तसा एक स्कॅनर तीन-चार घरांत का फिरू नये? कुणाकडे जुना जाड स्कॅनर पडून असेल तर तोही टाकू नका. नवं विंडोज त्याला ओळखत नसलं तरी व्ह्यूस्कॅन नावाचं विकतचं सॉफ्टवेअर असे कितीतरी जुने स्कॅनर चालवतं. कागद ओढून घेणाऱ्या, ऑफिसातल्या स्कॅनरमध्ये मात्र जुना फोटो कधीच घालू नका.

फोटोंचं मार्गी लागल्यावर अब्बांची ट्रंक उघडली. अब्बा कातिब होते. लग्नपत्रिका, पुस्तकांची मुखपृष्ठं, जलशांची पोस्टरं त्यांनी कलमाने लिहिली. १९९० च्या दशकात इनपेज आलं आणि संगणकावर नस्तालीक उमटू लागलं, तसं ते काम हळूहळू थांबलं. ट्रंकेत त्यांचे साठएक कागद होते, पिवळे पडलेले, काहींवर चहाचे डाग. इथे माझं फोटोचं शहाणपण कामी आलं नाही.

रेषेचं काम वेगळं असतं. फोटोत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत छटा असतात, त्यामुळे कड थोडी मऊ झाली तरी नजर चालवून घेते. किताबतीत, मेंदीच्या नक्षीत किंवा शाईच्या चित्रात एक तर शाई, नाही तर कागद. ३०० डीपीआयवर ‘नून’ची गोलाई जिन्याच्या पायऱ्यांसारखी दिसली. ६०० वर ती नीट आली आणि बारीक लिखाणाला १२०० लागले. दुसरी चूक ‘ब्लॅक अँड व्हाइट’ हा पर्याय निवडण्याची. त्यात काळं काय आणि पांढरं काय ते स्कॅनरच ठरवतो. आमच्या स्कॅनरने बारीक टोकं खाल्ली आणि चहाच्या डागांना नुक्ते समजून ठेवून दिलं!

उपाय सोपा निघाला. पान रंगीत स्कॅन करायचं. मग जिम्प या मोफत सॉफ्टवेअरमध्ये लाल, हिरवा आणि निळा असे तीन भाग वेगळे करून फक्त लाल ठेवायचा. पिवळा कागद आणि चहाचे डाग लाल रंगात जवळजवळ पांढरे होतात, शाई मात्र काळीच राहते. त्यानंतर काळं-पांढरं कुठे तोडायचं ते आपल्या डोळ्यांनी ठरवायचं. फाइल टिफ किंवा पीएनजीमध्ये ठेवा. जेपेगमुळे अक्षरांच्या कडेला भुकटी सांडल्यासारखी दिसते. ए-फोर पान ६०० वर राखाडीत सुमारे ३५ एमबी होतं, निव्वळ काळं-पांढरं केलं की साडेचारच्या आत.

सगळ्याच्या तीन प्रती केल्या. एक आमच्याकडे, एक भावाकडे, एक खालाकडे, या वेळी वरच्या मजल्यावर. सुट्या फोटोंची मागची बाजूही स्कॅन केली, कारण स्टुडिओचा शिक्का, तारीख, कुणाच्या हातची दोन अक्षरं तिथेच असतात. खालूंच्या फोटोची मागची बाजू कोरीच निघाली. तारीख कुणालाच माहीत नव्हती. खालाने स्क्रीनवर फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, “ही शेरवानी त्यांची नाही, तुझ्या अब्बाची आहे. निकाहाला मागून नेली होती.” फाइलच्या नावात तेवढंच लिहिलं आहे.