जुनी ट्रॉली घेताना

उसाचा हंगाम जवळ आला की आमच्या बेळगाव भागात जुन्या ट्रॉल्यांचे व्यवहार सुरू होतात. आमच्या घरीही यंदा एक घ्यायची आहे. घेणारा आधी टायर, पाटे, धुरा पाहतो आणि कागद शेवटी मागतो. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मला वाटते, हा क्रम उलटा हवा.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे. म्हणून ट्रॅक्टरचे आर. सी. बुक ट्रॉलीला चालत नाही. तिची नोंदणी वेगळी हवी. नोंदणीच नसलेली ट्रॉली स्वस्त मिळते, पण ती रस्त्यावर आणणे बेकायदेशीर. चासीवरचा नंबर बुकाशी ताडून पाहावा. बुकात बँकेचा बोजा असेल तर तो उतरवण्याचा फॉर्म ३५ बँकेच्या सहीनिशी घ्यावा. ट्रॉली चंदगड-गडहिंग्लजकडची, म्हणजे महाराष्ट्रात नोंदलेली असेल, तर तिथल्या आर. टी. ओ.चा ना-हरकत दाखलाही लागतो.

नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ व ३० भरून घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचे असते. विमा आपल्या नावे करण्याचा अर्ज १४ दिवसांत करायचा.

१९३० च्या वस्तुविक्री कायद्यात मालकी बदलायला नोंदवही लागत नाही. अपघाताच्या भरपाईत मात्र नोंदवहीत ज्याचे नाव, तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ठरवले. तेव्हा नावबदल विकणाऱ्याच्याही हिताचा आहे. कागद पुरे असतील, तरच पाट्यांकडे वळावे आणि भाव करावा.