कॉलेजच्या नेतृत्व शिबिरातून धंद्यासाठी काय आणायचं?



आपल्या क्लासला विसरवाडी-नवापूर भागातल्या कॉलेजच्या मुली येतात. त्यांचा दरवर्षीचा प्रश्न ठरलेला असतो. "ताई, मुलींच्या नेतृत्व शिबिरासाठी नावं मागितलीयत. घरचे म्हणतात, तीन दिवस घालवून काय मिळणार? जाऊ का?"

माझं उत्तर, जा. पण काय आणायचं ते ठरवून जा. नुसतं प्रमाणपत्र आणायचं असेल तर घरच्यांचं बरोबर आहे. दुकानात प्रमाणपत्र टांगलं म्हणून गिऱ्हाईक येत नाही. गिऱ्हाईक, माल आणि पैसा ज्या गोष्टींमुळे येतो, त्यातल्या तीन गोष्टी मात्र मला अशाच शिबिरात मिळाल्या. त्या आज सांगते.

मुलींची वेगळी परिषद कशाला?

अमेरिकेतल्या कॉलेजांत मुलींच्या 'सोरोरिटी' असतात. लॅटिनमध्ये 'सोरोर' म्हणजे बहीण. म्हणजे सरळ भाषेत भगिनी मंडळ. 'कप्पा अल्फा थीटा' १८७० सालची. कृष्णवर्णीय विद्यार्थिनींची पहिली सोरोरिटी 'अल्फा कप्पा अल्फा' १९०८ मध्ये हॉवर्ड विद्यापीठात सुरू झाली. अमेरिकेच्या उपाध्यक्ष झालेल्या कमला हॅरिस तिच्याच सदस्य. या मंडळांच्या नेतृत्व परिषदा होतात आणि कॉलेज संपलं तरी नातं संपत नाही. नोकरी असो की धंदा, एक बहीण दुसरीला पुढे ओढते.

आपल्याकडेही हे नवं नाही. जानेवारी १९२७ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात अखिल भारतीय महिला परिषदेची पहिली बैठक भरली. अध्यक्ष होत्या बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड आणि विषय होता मुलींचं शिक्षण. बायका नुसतं बोलून घरी गेल्या नाहीत. त्याच परिषदेच्या कामातून १९३२ मध्ये दिल्लीत लेडी आयर्विन कॉलेज उभं राहिलं. परिषद किती मोठी हे नंतर उभ्या राहिलेल्या कामावरून मोजायचं.

आज आपल्या भागात कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कॉलेजांत युवती सभा असते. राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं विशेष शिबिरही असतं. जे मिळेल ते घ्या.

पहिली गोष्ट: हिशोब

मी बीबीएच्या दुसऱ्या वर्षाला असताना धुळ्याला तीन दिवसांच्या विद्यार्थिनी शिबिराला गेले. तिथे कामाच्या समित्या पाडल्या. स्टेज आणि सूत्रसंचालनासाठी सगळ्यांचे हात वर. भोजन समितीत कुणी जाईना, म्हणून मी गेले.

ऐंशी मुलींचं जेवण. वरणाला चार किलो तूरडाळ, तांदूळ किती, कणीक किती, भाजी कुठून, सगळं आम्ही ठरवायचं. पहिल्या रात्री पोळ्या संपल्या आणि भात उरला. सकाळी त्याचा फोडणीचा भात झाला आणि दुसऱ्या दिवशी तांदूळ कमी करून कणीक वाढवली. दुकानदारी याहून वेगळी काय असते? काय खपतंय ते बघायचं, उरलेला माल अडकू द्यायचा नाही, पुढची खरेदी त्यावरून करायची. आज माझ्या मॅचिंग सेंटरमध्ये अस्तर आणि ब्लाउज पीसचे रंग मी असेच ठरवते.

दुसरी गोष्ट: पैशाबद्दल मोकळेपणाने बोलणं

रोज रात्री प्रत्येक समितीने सगळ्यांपुढे जमा-खर्च वाचायचा असा नियम होता. एकीने विचारलं, "टोमॅटो किरकोळ भावाने का घेतले? मार्केट यार्डातून का नाही?" मी उभी राहून उत्तर दिलं: सकाळी यार्डात जायला रिक्षाचं भाडं किती, वाचले असते किती. पाय थरथरत होते, पण आकडे पाठ होते.

बँकेत कर्ज मागायला गेल्यावर हेच होतं. साहेब विचारतात, आपण आकड्याने उत्तर द्यायचं. म्हसवडच्या माणदेशी बँकेचं उदाहरण बघा. चेतना गाला सिन्हा यांच्यासोबत गावच्या बायकांनी बँकेसाठी अर्ज केला. बायका निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेने तो नाकारला. बायका लिहा-वाचायला शिकल्या, परत गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, व्याज आम्ही कॅल्क्युलेटर न घेता काढतो, तुम्हीही काढून दाखवा. १९९७ मध्ये बँक सुरू झाली. ज्याला आपण नेतृत्व म्हणतो त्यात असं तोंडपाठ व्याजही येतं.

तिसरी गोष्ट: माणसं

सुरतच्या कापड बाजारात ठोक माल सेटमध्ये मिळतो. विसरवाडीसारख्या गावात एकाच डिझाइनचे डझनभर पीस विकायला सहा महिने जातात. माझ्या शिबिरातल्या दोघी, एक शहाद्याची आणि एक तळोद्याची, पुढे याच धंद्यात आल्या. आम्ही सेट तिघींत वाटून घेतो. भाव ठोकचा, माल थोडा, आणि एका खेपेचं भाडं तिघींत.

'लिज्जत'ची सुरुवातही अशाच एकत्र येण्यातून झाली. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तिथे आजही काम करणारीला 'बहीण' म्हणतात आणि त्या बहिणीच मालक असतात.

आता एक गोष्ट नीट ऐका. शिबिरात मी नऊ मुलींचे नंबर वहीत लिहून आणले होते. दोन वर्षांत त्यातल्या सहा जणींशी संपर्क तुटला. लग्न झालं, गाव बदललं, नंबर बदलला. मुलांची कॉलेजची ओळख चाळिशीपर्यंत धंद्याला उपयोगी पडते आणि आपली मात्र हळद लागली की पुसली जाते. हे नुकसान कुठल्या हिशोबात दिसत नाही, पण ते खरं आहे. ते टाळता येतं.

मग नेमकं काय करायचं?

१. जाण्याआधी घरी लेखी द्या. ठिकाण, सोबतच्या मॅडमचा नंबर, येण्या-जाण्याची बस. घरच्यांची भीती बऱ्याचदा शिबिराची नसते, रात्रीच्या प्रवासाची असते.

२. काम मागून घ्या. भोजन, नोंदणी, खरेदी. जिथे पैसा किंवा माल हातातून जातो ती समिती निवडा.

३. रोज निदान एक प्रश्न उभं राहून विचारा. मावची, अहिराणी, जी बोली तोंडात असेल तिचा सूर मराठीत आला तर येऊ द्या. दुकानात गिऱ्हाईक त्याच बोलीत येणार आहे.

४. पाच जणींशी पक्की ओळख करा. प्रत्येकीचे दोन नंबर घ्या, एक तिचा आणि एक माहेरचा. आई किंवा भावाचा नंबर सहसा बदलत नाही.

५. परत आल्यावर पंधरा दिवसांत त्या पाचही जणींना फोन करा. काहीतरी छोटं सोबत करा. दिवाळीच्या पणत्या, राख्या, आठवडे बाजारात एक दिवसाचा स्टॉल. पाचशे रुपयांचा असला तरी हिशोब लिहा आणि एकमेकींना वाचून दाखवा.

पालकांसाठी दोन शब्द

दादा, काका, मुलगी तीन दिवस बाहेर राहिली तर घरची कामं अडतात, हे मला माहीत आहे. पण उद्या तिने शिलाई मशीन घेतलं, पिठाची गिरणी टाकली किंवा सासरी दुकान सांभाळलं, तर अनोळखी माणसाशी भाव करायला तिलाच उभं राहायचंय. त्याचा सराव घरात होत नाही. तिला पाठवा, आणि आल्यावर "मजा आली का?" याच्यासोबत "खर्च किती झाला, कसा झाला?" हेही विचारा. ती सांगेल ते पूर्ण ऐका.

आणि मैत्रिणींनो, ज्यांचं शिबिर होऊन गेलंय त्यांनी आज जुनी वही काढा. जो नंबर अजून लागतोय, त्यावर फोन करा. पुढच्या व्हिडिओत आपण तिघींनी मिळून ठोक खरेदी कशी करायची, पैसे आधी कोणी भरायचे आणि माल कसा वाटायचा, ते बघू.